झिजलेल्या कलदार रुपयांची किंमत नेमकी किती घटते? वजन, छाप आणि सराफाचा हिशेब

प्रश्न : उंबरठा_४१

घरच्या देवघरातल्या डब्यात राणी छाप आणि राजा छाप रुपये (यंत्रावर पाडलेले चांदीचे कलदार) निघाले आहेत. दर लक्ष्मीपूजनाला धुवायची पद्धत, त्यामुळे काही अगदी गुळगुळीत आहेत. ग्रॅमच्या दशांश चिन्हापुढे दोन आकडे दाखवणाऱ्या काट्यावर वजनं घेतली :

१८४० – ११.३८ ग्रॅम
१८६२ – ११.३१ ग्रॅम, चेहरा जवळजवळ सपाट
१९०४ (दोन) – ११.४९ आणि ११.५१
१९०६ – ११.९२, वरच्या कडेला कडी काढल्याची खूण
१९११ – ११.५८
१९१८ (चार) – ११.५२ ते ११.६१
१९४२ – ११.४०
१८८९ ची पावली – २.७१

सराफ म्हणतात, "झिजलेली आहेत, घट धरून मोडीच्या भावात घेऊ." नाणी जमवणारे एक परिचित म्हणतात की १९११ चा अजिबात मोडू नका. झिजेमुळे किंमत किती कमी धरायची? पुरं वजन नाही म्हणजे खोटं असं समजायचं का? आणि विकायच्या आधी स्वच्छ करून घ्यावीत का?

---

उत्तर : सराफकट्टा

आधी शेवटचा प्रश्न : नका. चिंच नको, रांगोळी नको, भांड्यांची पावडर नको, टूथपेस्ट तर नकोच. कारण खाली कोणीतरी सविस्तर लिहीलच. मी चांदीचा हिशेब सांगतो.

१८३५ पासून १९३९ पर्यंतचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. एक तोळा. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबं, म्हणजे ९१.७ टंच. शुद्ध चांदी १६५ ग्रेन, १०.६९ ग्रॅम. अधेली ५.८३, पावली २.९२ आणि दोन आणे १.४६ ग्रॅम, टंच तोच. १९४० पासून रुपयाचं वजन तेच राहिलं, पण चांदी निम्मी झाली : ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, निकेल आणि जस्त पाच-पाच टक्के. त्यामुळे तुमच्या १९४२ च्या रुपयाचा हिशेब वेगळा. १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा आहे आणि तो चुंबकाला चिकटतो. चांदीचा कुठलाच चिकटत नाही.

आता घट. आकडेमोड सोपी जावी म्हणून शुद्ध चांदी १०० रुपये ग्रॅम धरू. पुऱ्या वजनाच्या रुपयात १,०६९ रुपयांची चांदी. तुमच्या सर्वांत झिजलेल्या १८६२ मध्ये ११.३१ × ०.९१७ = १०.३७ ग्रॅम, म्हणजे १,०३७ रुपये. चेहरा पुसला गेला तरी चांदी गेली बत्तीस रुपयांची, तीन टक्के. म्हणजे "झिजलेलं आहे" या कारणावर दहा-पंधरा टक्के कापणं हिशेबात बसत नाही. झीज काट्यावर आधीच दिसलेली असते. वजन कमी भरलं, तेवढे पैसे आपोआप कमी झाले, त्यावर पुन्हा घट कशाची?

खरी कपात टंचात होते. कलदार ९१.७ ऐवजी ८५ धरला की प्रत्येक रुपयामागे पाऊण ग्रॅम चांदी गेली. मोडीत देताना हे तीन आकडे वेगवेगळे विचारायचे : वजन किती धरलं, टंच किती धरलं, आजचा शुद्ध चांदीचा भाव किती लावला. गाळणीची मजुरी कापणार असतील तर तीही वेगळी सांगायला लावा. एकत्र "एवढे होतील" असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा.

टंच मोजायच्या मशीनबद्दल एक सावधगिरी. क्ष-किरणांचं मशीन नाण्याचा फक्त वरचा पातळ थर वाचतं. तांबं जास्त असलेल्या नाण्यांत वरच्या थरात चांदीचं प्रमाण आतल्यापेक्षा जास्त असू शकतं. १९४०–४५ च्या रुपयावर ५५-६० आकडा आला तरी खूष होऊ नका, आत ५०च आहे.

---

उत्तर : भिंग_दहापट

वरचा हिशेब बरोबर, पण तो अर्धाच आहे. झीज चांदी खाते गुंजेने आणि संग्राहकाची किंमत खाते पायऱ्यापायऱ्यांनी. म्हणून आधी ठरवायचं की त्या नाण्याला चांदीपेक्षा वेगळी किंमत आहे का. नसेल तर ते थोडं झिजलेलं की फार झिजलेलं याने काहीच बिघडत नाही.

तुमचे १९१८ चे चार रुपये घ्या. त्या एका वर्षात कलकत्ता आणि मुंबई मिळून चाळीस कोटींहून जास्त रुपये पाडले गेले. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी अपुरी पडली की अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले सत्तावीस कोटी चांदीचे डॉलर वितळवले, आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या नाण्यांसाठी इकडे आली. असा रुपया ठीकठाक अवस्थेत असला तरी चांदीच्या भावाच्या आसपासच जातो. त्याला खरी वरची किंमत मिळते ती टाकसाळीची झळाळी शाबूत असेल तेव्हाच. ११.६१ वाला एकदा भिंगाखाली बघा, बाकीचे तीन चांदी म्हणून धरा.

ग्रेडची भाषा थोडक्यात, कारण विकणारे ती सर्रास वापरतात. मापन १ ते ७० असं आहे. 'गुड' (४) हे नाव चांगलं वाटतं, पण त्याचा अर्थ फक्त बाह्याकृती उरलेली. पुढे 'फाइन' (१२), 'व्हेरी फाइन' (२०), 'एक्स्ट्रा फाइन' (४०), 'अबाउट अनसर्क्युलेटेड' (५०) आणि ६० पासून पुढे न वापरलेलं. २० आणि ४० यांच्यातला फरक काट्यावर जेमतेम दिसतो. भावात मात्र तो दुप्पट-तिप्पट होऊ शकतो, अर्थात साल मागणीतलं असेल तर. ५० वरून ६३ वर गेलं की त्याहून मोठी उडी.

झीज बघायची ती उंच भागांवर. प्रत्येक राजाचे उंच भाग वेगळे :

पंचम जॉर्ज (चलनी रुपये १९११ ते १९२२) – कान, भुवई, दाढी, मुकुटाचा खालचा पट्टा आणि झग्यावरच्या साखळीतला हत्ती. हत्तीच नाहीसा झाला असेल तर 'फाइन'च्या खाली. नुसती आकृती कळते तर 'फाइन'. सोंड आणि पाय वेगळे दिसतात आणि मुकुटाच्या पट्ट्यातली निम्मी-अधिक रत्नं मोजता येतात तर 'व्हेरी फाइन'. साखळीच्या कड्या सुट्या दिसून फक्त कान आणि भुवई चपटी असेल तर 'एक्स्ट्रा फाइन'.

सातवा एडवर्ड (१९०३–१९१०) – कानावरचे केस, कान, गाल, दाढी. डोक्यावर मुकुट नाही, त्यामुळे आधी केसच जातात. याचा उठाव कमी असल्याने चेहरा लवकर सपाट होतो. तुमचे १९०४ साडेअकरा ग्रॅम भरूनही चेहऱ्याने थकलेले दिसत असतील, ते नेहमीचंच आहे.

मुकुटधारी व्हिक्टोरिया (१८६२ पासून) – कानाजवळची केसांची गुंफण, गाल, मुकुट आणि वस्त्रावरची नक्षी. नक्षीच्या फुलांतल्या रेषा उरल्या आहेत का ते पाहा.

१८४० – मुकुट नसलेली तरुण राणी. कानावरचे केस आणि मागच्या बाजूची वेलीची पानं. मानेच्या कापावर खोदकामगाराची 'डब्ल्यू डब्ल्यू' ही अक्षरं असतात, ती झिजेत लवकर पुसतात. मात्र राणीचं नाव डोक्यावरून सलग जातं की डोक्याने त्याचे दोन भाग केले आहेत हे कितीही झिजलं तरी कळतं. हे दोन वेगळे प्रकार आहेत, ते लिहून ठेवा.

---

उत्तर : दोन_आणे

१८६२ बद्दल एक गोष्ट राहिली आणि ती महत्त्वाची आहे. १८६२ ते १८७३ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर साल १८६२ च आहे. सालवार आकडे १८७४ पासून सुरू झाले आणि 'क्वीन'ची 'एम्प्रेस' १८७७ ला झाली. मधल्या काळातल्या मुंबईच्या रुपयांवर मागच्या बाजूला बारीक टिंबं आहेत आणि त्यांच्या संख्येवरून प्रकार ठरतो. काही टिंबप्रकार भरपूर मिळतात, काही क्वचित. चेहरा सपाट असूनही टिंबं शाबूत असतील तर नाणं मोडीत घालण्याआधी ती मोजा. उलट चेहरा बरा पण टिंबं घासून गेली असतील तर प्रकारच सिद्ध होत नाही आणि जास्तीची किंमत कोणी देत नाही. झिजेने किंमत जाते ती नेहमी चेहऱ्यातूनच जाते असं नाही!

तसंच पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबईची खूण म्हणजे मागे तळाच्या फुलाजवळचं एक टिंब. कलकत्त्यावर खूण नाही. टिंब झिजून गेलं की मुंबईचा रुपया कलकत्त्याचा वाटतो. १९२१-२२ च्या मुंबई रुपयांच्या बाबतीत याकडे लक्ष हवं, कारण ते १९१८ च्या मानाने फारच कमी पाडले गेले.

१९११ चा 'डुक्कर रुपया'. झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती बदलला. हे एकाच वर्षाचं चित्र, म्हणून त्याला मागणी. पण मागणी आहे ती प्राणी दिसतो त्या नाण्याला. प्राणी पूर्ण पुसला असेल तर उरतं ते फक्त साल. त्याला चांदीपेक्षा थोडं जास्त मिळेल, फार नाही. ११.५८ वजन म्हणजे हत्ती असणार. तिरप्या उजेडात फोटो काढून टाका.

भिंगवाल्यांशी एका ठिकाणी मतभेद : "दुप्पट-तिप्पट" वाचून लोक एडवर्डचे सर्वसाधारण रुपये घेऊन नाणे प्रदर्शनात जातात आणि निराश होऊन येतात. साधा एडवर्ड 'व्हेरी फाइन'मध्येही चांदीपेक्षा फार वर जात नाही.

---

उत्तर : भिंग_दहापट

मान्य. "साल मागणीतलं असेल तर" हे शब्द ठळक वाचावेत.

आता साफसफाई, कारण या डब्याचं खरं नुकसान तिथेच झालेलं असण्याची शक्यता आहे. हाताहातांतून झिजलेलं आणि देवघरात घासून झिजलेलं ही दोन वेगळी नाणी आहेत, आणि संग्राहक पहिल्याला क्षमा करतो, दुसऱ्याला नाही.

ओळखायचं असं. खोलीतले बाकी दिवे बंद करून एकच दिवा, नाणं कडेने धरायचं आणि सावकाश फिरवायचं. व्यवहारात झिजलेल्या नाण्याचे उंच भाग राखाडी-गुळगुळीत असतात, अक्षरांच्या कोपऱ्यांत काळा मळ बसलेला असतो. त्या मळामुळेच उठाव डोळ्यांत भरतो. घासलेल्या नाण्यावर मोकळ्या जागेत केसासारखे बारीक ओरखडे दिसतात, बहुतेक गोल किंवा एकाच दिशेने. अक्षरांचे कोपरेही पांढरे असतात आणि चमक ॲल्युमिनियमच्या भांड्यासारखी, सगळीकडे सारखी. ग्रेडिंग संस्था अशा नाण्याला आकडा देत नाहीत, 'डिटेल्स – क्लीन्ड' असा शेरा मारतात.

रासायनिक डिप (चांदी उजळवणारं द्रावण) ओरखडे पाडत नाही, पण वरचा थर विरघळवते. दोन-तीनदा बुडवलं की झळाळी मरते. ॲल्युमिनियमची पन्नी, गरम पाणी आणि सोडा या उपायात काळा सल्फाइड परत चांदी होतो खरा, पण ती चांदी मळकट-पांढरी आणि सच्छिद्र बसते. जाणकार पाच सेकंदांत ओळखतो. काळपटपणा हा रोग नाही, तो तसाच राहू द्या.

हळद, तेल, कुंकू मात्र काढावं :

१. काचेच्या वाटीत उकळून गाळलेलं नको, डिस्टिल्ड पाणी घ्या. नाणं रात्रभर बुडवून ठेवा. बोटाने चोळू नका.
२. बाहेर काढून सुती कापडावर ठेवून टिपा. पुसायचं नाही, टिपायचं.
३. तेलकटपणा उरला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटं. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि रंग घातलेले असतात. खिडकी उघडी, जवळ गॅस किंवा निरांजन नको.
४. ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा बुडवून काढा आणि उभं टेकवून वाळवा.

नंतर मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या अल्बममध्ये ठेवू नका. त्या पीव्हीसीतून हिरवट चिकट थर नाण्यावर उतरतो आणि चांदी खातो. मायलरचे कप्पे किंवा पुठ्ठ्याचे होल्डर घ्या. स्टेपल पिना मात्र चपट्या दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर त्याच ओरखडे पाडतात.

---

उत्तर : सराफकट्टा

वजन कमी म्हणजे खोटं का, हे राहिलं. जुन्या कायद्यातच रुपया मूळ वजनापेक्षा दोन टक्क्यांहून जास्त हलका झाला की तो कायदेशीर चलन राहत नसे. म्हणजे मर्यादा ११.४३ ग्रॅम. तुमचे १८४०, १८६२ आणि १९४२ त्या खाली आहेत, आणि इतकं वापरलेल्या नाण्याला ते शोभतं. साधारण अंदाज असा की छाप स्पष्ट असेल तर ११.५५ च्या वर, चेहरा सपाट असेल तर ११.३ पर्यंत. छाप टवटवीत आणि वजन ११.२ असेल तर शंका घ्या. झीज वजन नेते तशी छापही नेते, एकटं वजन नेत नाही.

उलट बाजूने, झिजेने वजन कधी वाढत नाही. १९०६ चा ११.९२ म्हणजे कडीचा डाग (कडी जोडायला वितळवून लावलेला धातू) अजून कडेला बसलेला आहे. वरच्या बाजूला कडेच्या उभ्या रेघा तुटलेल्या दिसतील. डागात चांदी कमी असते, म्हणून मोडीत त्या नाण्याची थोडी घट मागणं रास्त आहे. डाग कानसून काढू नका, त्याने कड आणखी जाते. याला आता संग्राहकाची किंमत नाही, चांदीच.

खरं-खोटं ठरवायला घनता काढा. झीज वजन बदलते, घनता बदलत नाही, म्हणून गुळगुळीत नाण्यालाही ही परीक्षा चालते.

०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला प्लास्टिकचा पेला ठेवून काटा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण बुडेल असं लोंबकळत धरा. तळाला, भिंतीला टेकू द्यायचं नाही. बुडबुडे चिकटले तर हलवून काढा. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ९१.७ टंचाचं उत्तर १०.३ च्या आसपास येतं, १९४०–४५ च्या रुपयाचं ९.५. जर्मन सिल्व्हर (नावात चांदी, पण तांबं-निकेल-जस्ताचा मिश्रधातू) असेल तर पावणेनऊच्या आसपास.

---

उत्तर : दोन_आणे

खोट्यांबद्दल दोन ओळी. झिजल्यासारखं दिसण्यासाठी मुद्दाम घासलेली नकली नाणी बाजारात आहेत. खरी झीज उंच जागी असते आणि काठाच्या आडोशाला असलेली जमीन (छापाभोवतीची मोकळी सपाट जागा) शाबूत राहते. नकलीवर खाचाखोचाही तितक्याच बोथट असतात.

आणि १९३९. सहाव्या जॉर्जचा तो ९१.७ टंचाचा शेवटचा रुपया, फार दुर्मिळ. झिजलेला असला तरी हजारोंत किंमत, त्यामुळे १९३८ च्या आठाचा नऊ करणारे पुष्कळ. सालाचे चारही आकडे सारखेच झिजलेले हवेत. तीन म्हातारे आणि चौथा तरुण असेल तर हात लावू नका. घनता इथे उपयोगाची नाही, १९३८ चाही टंच तोच.

परदेशी ग्रेडिंगला पाठवायचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तुमच्यातला १९४२ सोडून सगळी त्यात येतात.

---

उंबरठा_४१

घनता काढली. १८६२ : पाण्यातला आकडा १.०९. १९४२ : १.२०. पावली : ०.३१. १९११ वर हत्तीची पाठ आणि सोंड दिसते, पाय नाहीत. १८६२ च्या मागे टिंबं भिंगातूनही दिसत नाहीत.

---

उत्तर : सराफकट्टा

१८६२ : ११.३१ भागिले १.०९ = १०.३८. अस्सल. १९४२ : ९.५, तोही बरोबर, त्यात ५.७ ग्रॅम चांदी धरा.

पावलीचं उत्तर ८.७ येतंय. ९१.७ टंचाची असती तर काट्याने ०.२६ दाखवायला हवं होतं. लहान नाण्यात शतांशाची चूकही मोठी होते : ०.३० आलं तर ९.०, ०.३२ आलं तर ८.५. म्हणून पाच वेळा मोजून सरासरी घ्या, दोरा शक्य तितका बारीक आणि प्रत्येक वेळी पाण्यात सारखाच बुडलेला. तरीही ०.२९ च्या खाली येत नसेल तर ती चांदीची नाही. विकताना बाकीच्यांत मिसळू नका, एका खोट्या पावलीवरून अख्ख्या डब्याचा भाव पाडतात.

---

उत्तर : भिंग_दहापट

१९११ : 'फाइन' आणि 'व्हेरी फाइन'च्या मध्ये. मोडू नका. १८४० चा प्रकार बघून सांगा, नाव सलग की दुभागलेलं. १८६२ टिंबं नसतील तर दोन शक्यता : मुळातच नव्हती, किंवा घासली गेली. सालाचे आकडे कडेला धारदार असतील तर मुळातच नव्हती असं समजा. आकडेही सपाट असतील तर ठरवता येणार नाही आणि भाव चांदीचाच.